फरक कुठून येतो? : अंकगणिती श्रेढी शिकवताना

प्रस्तावना

इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मधले तिसरे प्रकरण अंकगणिती श्रेढीचे. आधीच्या प्रकरणात वर्गसमीकरणांचे अवयव पाडून दमलेली मुले इथे पोचली की सैलावतात. पुन्हा बेरीज-वजाबाकीच, तीही ठरावीक फरकाने. दोन सूत्रे पाठ झाली की ४० गुणांच्या पेपरातले या प्रकरणाचे गुण हाती लागतात, म्हणून आपण शिक्षकही इथे फार दिवस रेंगाळत नाही. खरे तर माध्यमिक शाळेच्या गणितात इतके कमी पूर्वज्ञान मागून इतके जास्त देणारे प्रकरण क्वचितच सापडेल. आणि नेमके तेच आपण घाईने उरकतो. ही घाई थांबावी, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

ती लिहिताना कर्जत तालुक्यातले गणित-शिक्षक डोळ्यांसमोर होते. हे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, सीना आणि भीमा या नद्यांच्या मधल्या पर्जन्यछायेच्या मुलखातले. रब्बीची ज्वारी, तूर, कांदा, लिंबाच्या बागा आणि कुकडीच्या कालव्याचे पाणी पोचते तिथे ऊस, असे इथले शेतीचे चित्र. कर्जत, राशीन, मिरजगाव, कुळधरण इथल्या शाळांत आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून मुले येतात आणि त्यांतली बरीचशी शाळेच्या आधी किंवा नंतर शेतात राबतात. ही मुले रिकाम्या पाटीने वर्गात बसत नाहीत. त्यांच्या घरी विहिरीची खोली परसाने मोजतात, पेरणी तासाने, एसटीचे भाडे टप्प्याने आणि कर्जाचे व्याज शेकड्याने. या प्रत्येक मापात एक श्रेढी दडलेली आहे. आपल्या शिकवण्याचा या अनुभवाशी सांधा जुळला तर प्रकरण मुलांचे होते. नाही जुळला तर ते पाठांतराचे होते.

पाठांतर कसे होते हे आपण सारे जाणतो. ‘टी एन बरोबर ए अधिक कंसात एन वजा एक कंस पूर्ण डी’ हे वाक्य वर्ग एका सुरात म्हणतो. ए म्हणजे पहिले पद, डी म्हणजे सामान्य फरक, हेही बिनचूक सांगतो. मग विचारावे, ‘एन वजा एकच का? नुसता एन का नाही?’ वर्ग गप्प होतो. दुसरा प्रश्न विचारावा, ‘हा फरक दर वेळी तेवढाच का राहतो?’ त्यावर उत्तर येते, ‘गणितात दिलंय म्हणून.’ या दोन प्रश्नांची उत्तरे मुलांकडे नसतील तर त्यांना श्रेढी आलेली नाही, गुण कितीही मिळोत. या पुस्तिकेचे सारे म्हणणे त्यातल्या दुसऱ्या प्रश्नात आहे. फरक कुठून येतो हे विचारल्याशिवाय सूत्राला हात लावू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधी मिळवू, कारण ते शेताच्या बांधावरच मिळते. कागदी लिंबाची झाडे साधारणपणे ६ मीटर अंतरावर लावतात. एका ओळीत १० झाडे आहेत, तर पहिल्या झाडापासून दहाव्या झाडापर्यंत ठिबकची नळी किती लागेल? वर्गातून पहिला आवाज ‘६० मीटर’ असाच येतो. तो खोडून न काढता मुलांना मैदानात नेऊन दहा जणांना रांगेत उभे करावे आणि मधली अंतरे मोजायला लावावीत. ती ९ भरतात, म्हणून नळी ५४ मीटर. पहिल्या झाडापर्यंत पोचायला एकही अंतर चालावे लागत नाही. म्हणजेच पहिल्या पदात फरक एकदाही मिळवलेला नसतो, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात दोनदा. ‘एन वजा एक’ इथे जन्मतो आणि एकदा पायाने मोजलेला तो पुन्हा विसरला जात नाही. पुढे ‘७ ने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती?’ असे उदाहरण आले की हेच मूल १०५ ते ९९४ मधली अंतरे मोजते. ८८९ भागिले ७, म्हणजे १२७ अंतरे, म्हणून संख्या १२८. झाडे मोजतोय की झाडांमधली अंतरे, हे त्याला कळलेले असते.

आता मुख्य प्रश्न. विहीर खोदताना मजुरीचा दर परसागणिक वाढवून ठरवला, तर तो का वाढवायचा? शेतकऱ्याचे मूल हे लगेच सांगते, कारण निघालेला मुरूम आणि दगड दर वेळी एक परस जास्त उंच ओढून वर आणावा लागतो. वाढ सारखी का? कारण प्रत्येक परसाची उंची सारखी. समजा पहिल्या परसाला ६,००० रुपये ठरले आणि पुढे दर परसाला १,५०० रुपये वाढ ठरली. आठव्या परसाला १६,५०० रुपये होतात. पहिल्या आणि आठव्या परसाच्या दरांची सरासरी ११,२५०, तिला ८ ने गुणले की सगळ्या खोदाईचे ९०,००० रुपये. उदाहरण इथे संपवण्याची सवय मोडायला हवी. पुढे विचारावे, ‘सहाव्या परसाला मुरूम संपून काळा खडक लागला तर?’ मग सुरुंग लावावा लागतो, दर एकदम चढतो आणि जुनी श्रेढी तिथेच थांबते. खडकातली खोदाई ही नवी श्रेढी, तिचे पहिले पद वेगळे, फरकही कदाचित वेगळा. ज्या कारणाने फरक सारखा राहत होता ते कारण जिथे संपते, तिथे सूत्रही लागू पडायचे थांबते. दहावीच्या वयात हे समजणे फार मोलाचे आहे.

एसटीचे भाडे याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा. एक टप्पा, दोन टप्पे, तीन टप्पे अशी भाडी लिहिली तर, रुपयाचा पूर्णांक करण्याचा भाग सोडून, ती अंकगणिती श्रेढीत असतात. पण एक किलोमीटर, दोन किलोमीटर, तीन किलोमीटर अशा अंतरांची भाडी लिहिली तर तसे होत नाही, कारण एका टप्प्याच्या आत भाडे बदलतच नाही. प्रवास एकच, भाडेही एकच. काय मोजायचे ठरवले यावर श्रेढी दिसणे अवलंबून आहे. हार्डवेअरच्या दुकानात रचलेल्या गोल पाइपांकडेही मुलांना असेच बघायला लावावे. वरच्या थरातला प्रत्येक पाइप खालच्या दोन पाइपांमधल्या खाचेत बसतो, आणि दोन पाइपांत एकच खाच असते. म्हणून प्रत्येक थरात खालच्यापेक्षा बरोबर एक पाइप कमी. पुस्तकात अशा रचनांची उदाहरणे असतात आणि ‘फरक वजा एक’ असे मुले लिहितातही. ते वजा एक त्या खाचेतून आले, हे कुणी तरी दाखवावे लागते.

कारण न विचारता आकृतिबंधावर विसंबले तर काय होते, याचे सर्वात देखणे उदाहरण महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी दिले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, आणि त्यांची हयात नाशिकजवळ देवळालीत शाळेत गणित शिकवण्यात गेली. ६१७४ ही त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाणारी संख्या अनेकांना माहीत असते. त्यांच्या स्वयंभू संख्या मात्र वर्गात फारशा येत नाहीत. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ अधिक १ अधिक ५, म्हणजे २१. अशा रीतीने जी संख्या कुठल्याच संख्येपासून तयार होत नाही, ती स्वयंभू. मुलांनी शोधायला सुरुवात केली की १, ३, ५, ७, ९ मिळतात, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. नवापासून पुढे दर वेळी ११ चा फरक, सलग दहा पदे. कुणीही विश्वासाने सांगेल, पुढची संख्या ११९. पण १०९ मध्ये १, ० आणि ९ मिळवले की ११९ तयार होते, म्हणजे ती स्वयंभू नाही. पुढची स्वयंभू संख्या आहे ११०. फरक अचानक २ होतो, आणि नंतर पुन्हा ११, ११ सुरू होतात. दहा पदे जुळली म्हणून अकरावे जुळेलच असे नाही. मुलांना हे सांगण्यापेक्षा त्यांच्या हातून घडू द्यावे. बेरीज करता येणाऱ्या कुणालाही हा शोध घेता येतो आणि त्यातून ‘सिद्धता कशाला हवी’ या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते भूमितीच्या प्रमेयांइतकेच पक्के असते.

या विषयाची परंपराही आपल्या जवळची आहे. श्रेढीच्या बेरजेचा नियम आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत तर श्रेढीव्यवहार असा स्वतंत्र भागच आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. लीलावतीत पहिल्या पदाला आदि किंवा मुख, फरकाला चय आणि पदांच्या संख्येला गच्छ किंवा पद म्हटले आहे. तिथली रीत अशी : आधी शेवटचे पद काढा, मग पहिल्या आणि शेवटच्या पदांची सरासरी म्हणजे मध्यधन काढा, आणि मध्यधनाला पदसंख्येने गुणा. दानशूराने पहिल्या दिवशी ४ द्रम्म दिले आणि रोज ५ ने वाढवत नेले, तर पंधरवड्यात किती दिले? शेवटच्या दिवशी ७४, मध्यधन ३९, एकूण ५८५.

बेरजेच्या सूत्राची ओळख करून देताना गाउसच्या बालपणीची, १ ते १०० च्या बेरजेची गोष्ट बहुतेक पुस्तकांत असते. ती सांगायला हरकत नाही. पण वर्गात मध्यधनाची रीत जास्त कामाची ठरते. जोड्या लावण्याच्या युक्तीत पदांची संख्या विषम असली की मधले पद एकटे उरते आणि मुले गोंधळतात. मध्यधनात तसे काही होत नाही. वाढ सारखी असेल तर सरासरी बरोबर मधोमध असते, आणि सरासरी गुणिले संख्या म्हणजे बेरीज, हे मुलांना मागच्या इयत्तांपासून ठाऊक आहे. वर विहिरीचा हिशोब आपण असाच केला. या पुस्तिकेत बेरजेचे सूत्र त्याच वाटेने आणले आहे.

लीलावतीतले आणखी एक उदाहरण इथे आवर्जून घेतले आहे, कारण ते मागच्या प्रकरणाशी थेट जोडते. पहिल्या दिवशी ३ द्रम्म, रोज २ ची वाढ, एकूण दान ३६०, तर दिवस किती? दिवसांची संख्या आणि तिच्यापेक्षा दोनने मोठी संख्या यांचा गुणाकार ३६० व्हायला हवा, अशा वर्गसमीकरणावर आपण येतो. उत्तरे दोन, १८ आणि वजा २०. दिवस ऋण असू शकत नाहीत, म्हणून १८. वर्गसमीकरणाची दोन उत्तरे कशी तपासायची आणि एक का सोडायचे, हे इथे कसरत न करता पटते. असाच एक धागा पहिल्या प्रकरणाकडे जातो. पदक्रमांक आडव्या अक्षावर आणि पदाची किंमत उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर अंकगणिती श्रेढीचे सगळे बिंदू एका रेषेत येतात. त्या रेषेचा चढ म्हणजेच सामान्य फरक, जो चढ मुलांना पुढे भाग २ मध्ये निर्देशक भूमितीत पुन्हा भेटणार आहे. फरक शून्य असेल तर रेषा आडवी, ऋण असेल तर उतरती. ५, ५, ५, ५ ही श्रेढी आहे हे मान्य करायला मुले फार वेळ घेतात. आलेख पाहिला की ती शंका फिटते.

सर्वात जास्त जागा या पुस्तिकेत व्याजाला दिली आहे, आणि त्यामागे विचार आहे. कर्जतसारख्या दुष्काळप्रवण तालुक्यात कर्ज ही घरोघरीची बाब आहे. बियाणे, विहिरीची मोटर, लग्न, दवाखाना, यांपैकी काही ना काही निघतेच, आणि बऱ्याच घरांत आई बचत गटाची सदस्य असते. बचत गटाच्या वहीत श्रेढीचे तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. दर महिन्याची वर्गणी २००, २००, २०० अशी असेल तर फरक शून्य. जमा रक्कम २००, ४००, ६०० अशी वाढते, फरक २००. आणि कर्जावरचे व्याज घटत जाते.

समजा १२,००० रुपये कर्ज घेतले, दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल परत करायचे आणि उरलेल्या शिलकेवर महिन्याला शेकडा २ रुपये व्याज. पहिल्या महिन्याचे व्याज २४०, दुसऱ्याचे २२०, तिसऱ्याचे २००, असे करत बाराव्या महिन्याचे २०. फरक वजा २०, आणि तो कुठून आला तेही स्पष्ट आहे : दर महिन्याला फिटलेल्या १,००० रुपयांवरचे व्याज आता द्यायचे नाही. मध्यधन १३०, बारा महिन्यांचे व्याज १,५६०. आता एखादा सावकार सांगतो, ‘माझा दरही शेकडा दोनच आहे.’ पण तो व्याज मूळ १२,००० वरच लावतो, मुद्दल फिटत गेले तरी. मग दर महिन्याला २४०, वर्षाचे २,८८०. दर एकच, हप्त्यातले मुद्दलही तेवढेच, आणि व्याजात १,३२० रुपयांचा फरक. एक श्रेढी उतरती, दुसरी सपाट. हा हिशोब ज्या मुलाला करता येतो, त्याच्या घरच्यांना ‘दोन टक्के’ या शब्दांवर फसवणे अवघड आहे.

याच धड्यात श्रेढीची सीमाही दाखवता येते. १०,००० रुपये महिन्याला शेकडा ३ दराने सरळव्याजाने घेतले आणि मध्ये काही फेडले नाही, तर दर महिन्याला ३०० रुपये वाढत वर्षाअखेर १३,६०० होतात. व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले तर पहिल्या महिन्याची वाढ ३००, दुसऱ्याची ३०९, आणि वर्षाअखेर रक्कम सुमारे १४,२५८. इथे फरक टिकत नाही, कारण वाढ आता मागच्या रकमेवर अवलंबून आहे. ही अंकगणिती श्रेढी नव्हे. भूमिती श्रेढीचे सूत्र शिकवायची इथे गरज नाही. पण सूत्र लावण्याआधी थांबून बघायची सवय लावायची असेल तर हे उदाहरण टाळून चालणार नाही.

कुणी विचारेल, इतका वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रम मोठा, बोर्डाची परीक्षा डोक्यावर. त्याचे उत्तर हेच, की हे प्रकरण नीट शिकवले तर वेळ वाचतो. त्यात वर्गसमीकरणांची उजळणी होते, आलेखाची होते, आणि पुढच्या अर्थनियोजनाची तयारी होते. शिवाय हे प्रकरण मागे पडलेल्या मुलांसाठी दार उघडे ठेवते. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गेलेल्या, मागच्या वर्षांचे बरेच गणित बुडालेल्या मुलाला वर्गसमीकरण समजावणे कठीण असते. श्रेढीसाठी त्याला बेरीज, वजाबाकी आणि पाढे पुरतात. ‘कमवा आणि शिका’ ही योजना चालवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे दादा पाटील महाविद्यालय कर्जतमध्येच आहे. श्रम करणाऱ्या मुलाचा अनुभव शिक्षणाच्या आड येत नाही, हा विचार या भागाला नवा नाही. गणिताच्या तासाला तो आपण वापरावा, एवढेच.

पुस्तिकेची मांडणी त्याच क्रमाने केली आहे. प्रत्येक पाठ एका परिस्थितीपासून सुरू होतो. संख्या लिहिण्याआधी ‘काय मोजतोय?’ आणि ‘दर वेळी तेवढेच का वाढते किंवा कमी होते?’ हे दोन प्रश्न येतात. संख्यांची यादी त्यानंतर, सूत्र सर्वात शेवटी. प्रत्येक पाठात फसणारे एक तरी उदाहरण मुद्दाम ठेवले आहे, जिथे फरक टिकत नाही. बोर्डाच्या धर्तीची उदाहरणेही भरपूर आहेत, कारण परीक्षेत मुलांना गुण मिळायलाच हवेत आणि त्यांच्या पुढच्या वाटा त्या गुणांवर ठरतात. फक्त ती उदाहरणे पाठाच्या शेवटी आहेत. शिक्षकांनी आपल्या गावची उदाहरणे यात भरावीत. जिथे माझे आकडे ‘समजा’ने सुरू होतात तिथे वर्गातल्या मुलांनी घरून विचारून आणलेले खरे दर घालावेत आणि ते श्रेढीत बसतात का ते तपासावे. अनेकदा ते बसणार नाहीत. मग का बसत नाहीत यावरची चर्चा हाच त्या दिवसाचा पाठ समजावा.

प्रकरण शिकवून झाले की नाही हे ठरवण्याची कसोटी सोपी ठेवावी. वर्गाला चार संख्या द्याव्यात, दोन-दोनमधला फरक सारखा असलेल्या, आणि विचारावे, ‘पुढची संख्या कोणती?’ जो विद्यार्थी लगेच उत्तर देतो त्याला सूत्र आले आहे. जी विद्यार्थिनी आधी विचारते, ‘सर, या संख्या कशाच्या आहेत?’ तिला श्रेढी समजली आहे. आपल्या वर्गात हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढत गेली, तर या पुस्तिकेचे काम झाले.